वडील जाऊन चार महिने झाले. नोकरीत मन लागत नाही, सोडून मनासारखं काम धरू का?

चारच महिने झालेत ना? मग राजीनामा आत्ता नको. तेराव्यानंतर माणसं पांगतात आणि खरं दुःख मग घरी मुक्कामाला येतं. माझी आई गेली तेव्हा बँकेत वारसाचे फॉर्म भरताना मी अगदी ठीक होतो. दोन महिन्यांनी फडताळात तिच्या हातचं मेतकूट सापडलं, बरणीवर तिच्याच अक्षरात तारीख. त्या दिवशी ऑफिसला जाताच आलं नाही.

आधी झोप-जेवण मार्गी लावा. रजा असेल तर आठवड्याला एखादी घ्या. सलग पंधरा दिवस घरी बसून मला तरी जास्तच त्रास झाला. मनासारख्या कामाची चव नोकरी न सोडताही घेता येते. मी रविवारी शेजारच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवायला लागलो (आई शिक्षिका होती, म्हणूनही असेल). वर्षश्राद्धानंतरही ते करावंसं वाटत होतं, तेव्हा कुठे ऑफिसात कमी तासांचं विचारलं.

जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे; मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि घराचा हप्ता कोण भरतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. बरंचसं उत्तर त्यावरही ठरेल.