रेडिओहेड हा इंग्लंडचा रॉक बँड ऐकायला सुरू करून राहिला ना, मग हे वाच

भाऊ, पहिलेच सांगतो, 'किड ए' पासून सुरुवात नको करू. २००० चा तो अल्बम भारीच आहे, पण त्यात गिटार बरीचशी बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनिक आवाज घेतलेत, नवीन माणूस दोन गाण्यांत सोडून देते. आधी १९९५ चा 'द बेंड्स', मग १९९७ चा 'ओके कॉम्प्युटर', आणि हा किमान तीनदा, पहिल्यांदा पूर्ण उलगडतच नाही. नुसतं 'क्रीप' हे गाणं घोकत नको बसू, ते १९९२ चं, त्यावरून पुढचा बँड कळत नाही.

शफल बंद ठेव! रात्री गच्चीवर, ऊन उतरलं की हेडफोन लावून सलग ऐकजो, नागपूरच्या फुटाळा तलावावरच्या गर्दीत अर्धे बारकावे ऐकूच येत नाहीत. नंतर 'इन रेनबोज', २००७ चा, तेव्हा डाउनलोडची किंमत ऐकणाऱ्यांनाच ठरवू दिली होती. अडलं तर विचारजो.