सुई कमी झाली ती पुडीमुळे का?

बीड जिल्ह्यातील एका खेड्यातून आईवडील आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या समुपदेशन कक्षात आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). तीन महिन्यांपूर्वी तिला टाइप १ मधुमेहाचे निदान झाले होते. वडिलांनी विचारलेला प्रश्न या भागात मला वारंवार ऐकू येतो: "मॅडम, लेकराला जन्मभर टोचतच राहायचं का? झाडपाल्याची पुडी सुरू केल्यापासून इन्सुलिन निम्म्यावर आलंय. आता बंदच केलं तर?" पुडी देणाऱ्याने चाळीस दिवसांत सुई सुटेल असा शब्द दिला होता, आणि डॉक्टर रागावतील या भीतीने त्यांना हे काहीच सांगितलेले नव्हते.

मी त्यांना अंधश्रद्ध म्हटले नाही, कारण त्यांनी पाहिलेले खरे होते. मात्र कारण वेगळे होते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. निदानाच्या वेळी त्यांपैकी थोड्या शिल्लक असतात आणि बाहेरून इन्सुलिन मिळू लागले की काही आठवडे किंवा महिने त्या पुन्हा बऱ्यापैकी काम करतात. डॉक्टर याला 'हनिमून काळ' म्हणतात. पुडी घेतली काय आणि न घेतली काय, हा काळ संपतोच, आणि त्या भरवशावर इन्सुलिन थांबवले, तर रक्तात आम्ल साचून उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास सुरू होतो व मूल दगावू शकते. १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. डोस मधेच कमी होऊ शकतो, हे या आईवडिलांना निदानाच्या दिवशीच आम्ही समजावून सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

आईने हळूच विचारले, "मग कारल्याचा रसही नको?" कारल्याने साखर काही प्रमाणात उतरू शकते, म्हणूनच इन्सुलिनसोबत तो रस द्यायचा असेल तर डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे, असे मी सांगितले आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. वडिलांनी पुड्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर रागावले नाहीत. पुडीत काय आहे हे कळण्याचा मार्ग नसल्याने ती बंद करावी, कारल्याची भाजी खुशाल खावी आणि इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नये, एवढेच त्यांनी सांगितले.

पाच महिन्यांनी वडिलांचा फोन आला: "मॅडम, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं, साखर वाढली. डॉक्टरांना विचारून डोस वाढवलाय. लेकरू शाळेत गेलंय."