बोडनझेची फेरी: दिशा नंतर ठरवा, आधी तो घडीचा कागद उघडून बघा

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये दोघांना बोडनझेची, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या मोठ्या तळ्याची, पूर्ण फेरी सायकलने करायची आहे, पाच दिवस हाताशी आहेत, तर जर्मनीतल्या कॉन्स्टान्सहून निघून कोणत्या दिशेने जावं आणि ई-बाईक भाड्याने घ्यावी का. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "माझं रेसिडेन्स परमिट जुलैत संपतंय, एक्स्टेंशनचा अर्ज केलाय, तोवर होईलच." बाकीच्यांनी दिशेबद्दल आणि ई-बाईकबद्दल छान उत्तरं दिली आहेत. त्या ओळीबद्दल मात्र एकाच सदस्याने लिहिलंय, तेही "शेंगेन आहे हो, कोण बघतंय" एवढंच (म्हणजे युरोपातल्या या देशांमध्ये सीमेवर सहसा तपासणी नसते). कृपा करून त्यावर विसंबू नका. याच तळ्यावर, याच कारणाने माझी फेरी अर्ध्यात तुटली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दिशेचं आधी उरकतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जा. इथे रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे तळं कायम तुमच्या बाजूला राहतं. ई-बाईक लागणार नाही. राडोल्फझेलहून लुडविग्सहाफेनकडे जाताना आणि उबरलिंगन ते मेयर्सबुर्ग या द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात थोडे चढ आहेत, एरवी रस्ता सपाट. पुणेकराला हा चढ म्हणवणारही नाही. पूर्ण वळसा साधारण २६० किलोमीटरचा, म्हणजे पाच दिवस भरपूर झाले.

आता मुद्द्याचं. बोडनझेचा किनारा २७३ किलोमीटर आहे. त्यातला १७३ जर्मनीत, २८ ऑस्ट्रियात आणि ७२ स्वित्झर्लंडमध्ये. म्हणजे पूर्ण फेरी मारणारा माणूस तीन देशांतून जातो आणि परत जर्मनीत शिरतो. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि रेसिडेन्स परमिटच्या कार्डाची मुदत संपलेली असेल, तर या प्रत्येक ठिकाणी तुम्हाला तारून नेणारी एकच गोष्ट आहे: फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, ज्याला आपण सगळे नुसतं ‘फिक्शन’ म्हणतो. अर्ज मुदतीत केला, निर्णय बाकी आहे, तोवर तुमचा इथला मुक्काम कायदेशीर आहे, असं सांगणारा हा घडीचा कागद. फी १३ युरो. पण हा कागद हातात असणं पुरेसं नाही. आत तीन चौकोन छापलेले असतात आणि त्यातल्या एकावर फुली असते. सगळा खेळ त्या फुलीचा आहे.

जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम ८१ परिच्छेद ४ वर फुली असेल तर तुमचं जुनं परमिट निर्णय होईपर्यंत चालू मानलं जातं. तो कागद, जुनं कार्ड आणि मूळ पासपोर्ट, ही तिन्ही जवळ असतील तर तुम्ही ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडला जाऊन परत येऊ शकता. फुली परिच्छेद ३ च्या चौकोनांवर असेल तर जर्मनीत राहता येतं, पण त्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. आणि ऑनलाइन अर्ज केल्यावर येणारी पावती म्हणजे फिक्शन नव्हे. बरेच जण तीच प्रिंट काढून खिशात घेऊन फिरतात.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. अर्ज मुदत संपायच्या बराच आधी केला होता, सगळी कागदपत्रं जोडली होती. आमच्या गावच्या आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी नागरिकांच्या परमिटचं सरकारी कार्यालय) आपोआप येणारी एक ईमेल आली: अर्ज मिळाला, पुन्हा पुन्हा विचारणा करू नये, त्याने काम लांबतं. मग शांतता. कार्डाची तारीख जवळ आली तशी मी फिक्शनची मागणी लेखी पाठवली. उत्तर तीच ईमेल. अपॉइंटमेंटच्या पोर्टलवर सकाळी उठून बघावं तर एकही जागा मोकळी नाही. प्रत्यक्ष गेलो तर दारात सुरक्षारक्षक. अपॉइंटमेंट नसेल तर आत सोडत नाही म्हणाला. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणूनच आलोय, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं. पण आत बसलेल्यांना हे दार असं बंद आहे हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही.

इकडे माझा मेहुणा कोल्हापूरहून खास या फेरीसाठी येणार होता. त्याचा शेंगेन व्हिसा झाला, तिकीट झालं. बायकोचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणारं परमिट) चालू होतं. रोर्शाख आणि रोमान्सहॉर्नच्या खोल्या आम्ही परतावा नसलेल्या दराने घेतल्या होत्या, कारण स्विस बाजूला ऑगस्टमधले दर बघून छाती दडपते. शेवटी निघायच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळाली आणि कागद हातात पडला. फुली पहिल्या चौकोनावर होती, म्हणजे परिच्छेद ३. मी खिडकीतल्या बाईंना तिथेच दाखवलं की मी मुदतीत अर्ज केलाय, पोच आहे, मला परिच्छेद ४ लागू होतो. त्या म्हणाल्या, चौकोनाने काही फरक पडत नाही, युरोपात तुम्हाला कोणी विचारणार नाही. आणि पुढचा नंबर पुकारला.

ज्या कार्यालयाचं कामच हा कायदा राबवणं आहे, तिथे बसलेल्या माणसाने असं सांगावं याची चीड मला आजही येते. सीमेवरचा पोलीस कागद वाचतो, खिडकीत कोण काय म्हणालं ते त्याला ऐकायचं नसतं. शिवाय "कोणी विचारत नाही" ही जुनी गोष्ट झाली. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून, स्वित्झर्लंडच्या सीमेवर ऑक्टोबर २०२३ पासून आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. सायकलवाल्याला थांबवतीलच असं नाही, बहुतेकदा थांबवत नाहीत. पण थांबवलं आणि परत शिरायचा हक्क नसलेला कागद निघाला, तर ती नोंद पुढे परमनंट रेसिडेन्सच्या अर्जाच्या वेळी समोर येऊ शकते. तळ्याभोवतीच्या एका फेरीसाठी हा धोका पत्करू नये, हे माझं ठाम मत आहे.

आम्ही निघालो आणि लिंडाऊपर्यंत तिघं बरोबर होतो. तिथल्या बंदराच्या तोंडाशी दगडी सिंह आणि १८५६ चा दीपस्तंभ आहे. तिथून ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ आणि मागचा फेंडर डोंगर अगदी समोर दिसतो, सायकलने तासाभराचाही रस्ता नाही. मेहुणा पर्यटक म्हणून आलेला, तो गेला. बायको गेली. याच देशात वर्षानुवर्षं राहणारा, कर भरणारा मी तेवढा लिंडाऊहून फ्रिडरिशहाफेन-राडोल्फझेलमार्गे ट्रेनने कॉन्स्टान्सला परतलो आणि त्यांची वाट बघत बसलो. माझ्या वाट्याचे खोल्यांचे पैसे बुडाले, त्याचं फारसं काही नाही. मेहुण्याबरोबरची ती फेरी पुन्हा जमली नाही, याचं वाईट वाटतं. पुढे कार्ड आल्यावर बायकोबरोबर पूर्ण वळसा केला, पण तो वेगळा प्रवास.

आता तुम्ही काय करावं. (मी वकील नाही. नियम बदलतात, आणि तुमचं परमिट कोणत्या प्रकारचं आहे हेही तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे खात्री करून घ्याच.) फिक्शनची मागणी आजच लेखी करा, आणि पत्रात "कलम ८१ परिच्छेद ४ प्रमाणे" हे शब्द लिहा. नुसतं "तात्पुरता कागद द्या" म्हणू नका. अर्ज मुदतीत केल्याची पोच जोडा. शक्य असेल तर पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, ईमेल कुठल्या पेटीत जाते देव जाणे. कागद हातात पडला की खिडकीसमोरून हलायच्या आधी उघडून फुली बघा. चुकीची असेल तर तिथेच दुरुस्ती मागा, आणि नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. मला नंतर कळलं की कारिटास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांकडे परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी मोफत सल्ला केंद्रं असतात. तिथल्या समुपदेशक बाईंनी माझा कागद बघून दोन मिनिटांत चूक दाखवली आणि कार्यालयाला पत्र लिहिलं. फेरी होऊन गेल्यावर का होईना, दुरुस्त कागद आला. तुम्ही आधीच जा. अर्जाला तीन महिने उलटून गेले आणि काहीच हालचाल नसेल तर निष्क्रियतेबद्दल कोर्टात दाद मागता येते. पण ती वकिलाला विचारून करायची गोष्ट आहे, माझ्या भरवशावर नको.

कागद वेळेत आलाच नाही तर? फेरी रद्द करू नका, जर्मनीतल्या जर्मनीत वळसा घाला. कॉन्स्टान्सहून राडोल्फझेल, तिथून टेकाड ओलांडून लुडविग्सहाफेन, मग उबरलिंगन, बिरनाऊचं चर्च, उंटरउल्डिंगनची पाण्यातल्या खांबांवरची घरं, मेयर्सबुर्ग आणि तिथून फेरीबोटीने परत कॉन्स्टान्स. तळ्याच्या वायव्येकडच्या हाताभोवतीचा हा पूर्ण वळसा आहे आणि एकदाही सीमा लागत नाही. ती बोट १९२८ पासून चालू आहे, दिवसरात्र असते, पंधरा मिनिटांत पलीकडे. फ्रिडरिशहाफेनहून रोमान्सहॉर्नला जाणारी बोट वेगळी, ती स्वित्झर्लंडला जाते. गडबडीत चुकीच्या बोटीत चढू नका. उरलेल्या दिवसांत लिंडाऊपर्यंत जाऊन या आणि राइशेनाऊ बेट बघा. खरं सांगायचं तर तळ्याचा सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. स्विस बाजूला बराच वेळ रेल्वेरुळांच्या कडेने जावं लागतं.

एक सावधगिरी. कॉन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडमधलं क्रॉइत्झलिंगन ही दोन शहरं एकमेकांना चिकटलेली आहेत. तळ्याकाठचं कुंपण २००६ साली काढलं आणि तिथे आता टॅरोच्या पत्त्यांवर बेतलेली २२ शिल्पं उभी आहेत. लोक त्यांच्यामधून फिरायला जातात, मुलं सायकली चालवतात. सीमा आहे हे जाणवतही नाही, पण आहे. कागद अपुरा असताना संध्याकाळी सहज चक्कर मारतानासुद्धा तिकडे जाऊ नका.

कागद बरोबर असला तरी आणखी एक गोष्ट, जी आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. आपल्या क्रांकेनकासेच्या (आरोग्य विमा संस्थेच्या) कार्डामागे युरोपियन आरोग्य विम्याचं कार्ड छापलेलं असतं. ते ऑस्ट्रियात चालतं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र ईयूचं (युरोपियन संघाचं) नागरिकत्व नसलेल्यांना ते साधारणपणे लागू होत नाही. म्हणजे शेजारी चालणारा जर्मन मित्र पडला तर त्याला ते उपयोगी, तुम्ही पडलात तर बिल तुमच्या हातात, आणि स्विस दवाखान्याचं बिल कसं असतं ते सांगायला नको. वर्षभराचा परदेश प्रवासाचा आरोग्य विमा अगदी स्वस्तात मिळतो, तो काढाच. फोनचंही तसंच. स्वित्झर्लंड ईयूच्या रोमिंग नियमात नाही आणि कॉन्स्टान्सला जर्मन बाजूला उभं असतानाही फोन स्विस टॉवर पकडतो. तुमच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नसेल तर नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

ऑगस्टबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगतो: शक्य असेल तर सप्टेंबरमध्ये जा. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रेगेन्झला पाण्यावरच्या रंगमंचाचा महोत्सव असतो, आजूबाजूच्या खोल्या भरतात आणि बरीच हॉटेलं एका रात्रीसाठी खोली देत नाहीत. सप्टेंबरमध्ये सफरचंदांची तोडणी चालू असते, रस्त्याच्या कडेला पेट्या मांडलेल्या असतात, डबीत पैसे टाकून घ्यायची. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक फायदा, कागदाला महिनाभर जास्त मिळतो. कधीही गेलात तरी खोल्या रद्द करता येतील अशाच घ्या. थोडे जास्त पैसे जातील, जाऊ देत.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी नारिंगी दिवे दिसतील. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोराच्या वाऱ्याची सूचना, ९० वेळा तर वादळाचा इशारा. ते होड्यांसाठी आहेत, पण उन्हाळ्यात दुपारनंतर वादळ फार लवकर येतं. दिवे भराभर लुकलुकायला लागले की पोहायला उतरू नका आणि सायकल घेऊन आडोसा गाठा.

ट्रेनने सायकल नेणार असाल तर डॉइचलांडटिकिटात (देशभर चालणाऱ्या मासिक पासात) सायकल येत नाही आणि आयसी-आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्यांना सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते. तळ्याच्या उत्तर काठाची लोकल शनिवार-रविवारी सायकलींनी इतकी भरते की चढायलाही मिळत नाही. शक्यतो मधल्या वारी प्रवास करा.

तुमच्या कागदावर कोणत्या चौकोनात फुली आहे, किंवा कागद अजून आलाच नाही, तेवढं इथे लिहा. फोटो टाकू नका, त्यावर नाव-पत्ता-नंबर सगळं असतं. त्याप्रमाणे पाच दिवसांचे टप्पे आणि मुक्कामाची गावं मी लिहून देतो.