जुनी पिस्टन रिंग मोजून नवी मागवावी का?

प्रश्न : जुन्या इंजिनाची पुनर्बांधणी करतो आहे. माहितीपुस्तिका उपलब्ध नाही आणि पिस्टनवरील क्रमांकही पुसला गेला आहे. पिस्टनभोवतीच्या खाचांत बसणाऱ्या जुन्या रिंगचे माप घेऊन नवा संच मागवला तर चालेल का?

उत्तर : केवळ त्या मापावर कृपया विसंबू नका. सुटी रिंग स्वतःच्या ताणाने फाकलेली असते आणि झिजलेलीही असते, त्यामुळे तिचा व्यास फसवा ठरतो. खरे माप सिलिंडरचे. बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) ते वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी घ्या. झीज किंवा लंबगोलपणा मर्यादेबाहेर असेल, तर आधी बोअरिंग करून (सिलिंडर आतून कातून मोठा करून) मूळ मापापेक्षा ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठ्या, म्हणजे ओव्हरसाइज मापाचे पिस्टन आणि त्याच मापाच्या रिंगा घ्याव्या लागतील. व्यासाइतकीच पिस्टनवरील खाचांची रुंदी आणि खोलीही महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण मोजत नाहीत.

संच आल्यावर प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली सरकवा आणि तोंडातील, म्हणजे तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) तपासा. सर्वसाधारण इंजिनात वरच्या रिंगसाठी १०० मि.मी. व्यासाला सुमारे ०.३ ते ०.४ मि.मी. फट ठेवतात. ती कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडे पडतात. किंचित कमी फट कानशीने वाढवता येते. मात्र ओव्हरसाइज रिंग घासून मूळ मापाच्या सिलिंडरमध्ये कधीही बसवू नये, कारण तिची गोलाई भिंतीशी जुळत नाही.