दारू सोडल्यानंतरचे पहिले चार दिवस

प्रश्न : माझे पती गेली १२ वर्षे रोज दारू घेत होते. काल सकाळी त्यांनी ती एकदम बंद केली. आज कप तोंडाशी नेताना निम्मा चहा बशीत सांडतो, दरदरून घाम येतो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे मनोबलावर निभेल का?

उत्तर : त्यांचा निर्धार मोलाचा आहे, परंतु हा प्रश्न मनोबलाचा नसून मेंदूतील रसायनांचा आहे. दारू वर्षानुवर्षे मेंदूला मंदावत राहते, म्हणून मेंदू स्वतःला अधिक उत्तेजित ठेवण्यास शिकतो आणि दारू अचानक थांबली की ती उत्तेजना बेलगाम होते. कंप आणि घाम साधारणतः ६ ते २४ तासांत सुरू होतात. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, तर भ्रम, नसलेले दिसणे आणि ताप हे गंभीर रूप २ ते ४ दिवसांत उद्भवते व उपचारांअभावी जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्यांना आजच डॉक्टरांकडे न्यावे; फिट आली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. डॉक्टर काही दिवस, मात्रा क्रमाने उतरवत, औषधे देतात आणि सोबत थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व देतात. घरातल्या जुन्या झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. (‘मनात आणले तर काय अवघड आहे’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तूर्त दारातच थांबवावे.) झोप कित्येक आठवडे विस्कळीत राहू शकते, दहाव्या रात्रीही ते छताकडे पाहत पडलेले दिसले, तरी उपचार फसले असे समजू नये.