बादलीतल्या टोमॅटोला पाणी खालून

प्रश्न: आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो, मिरची लावली आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि दिवाळीत आठ दिवस पुण्याला गेलो की परतल्यावर नुसत्या काड्या उरतात. आपोआप पाणी घेणारी कुंडी दुकानात महाग मिळते. घरी करता येईल का?

उत्तर: येईल, आणि विकतच्यापेक्षा चांगली होईल.

रंगाच्या दोन रिकाम्या, वीस लिटरच्या, एकसारख्या बादल्या घ्या. ऑइलपेंटच्या नकोत; डिस्टेंपरच्या चालतील, पण खरवडून धुवा. एकीत दुसरी बसवली की खाली चार बोटं पोकळी राहायला हवी. राहत नसेल तर तळाशी विटेचे दोन तुकडे ठेवा. ही पोकळी म्हणजे तुमची टाकी. त्यात साधारण चार लिटर पाणी मावतं.

आता आतल्या बादलीच्या तळाला मधोमध एक मोठं भोक पाडा आणि त्यात श्रीखंडाचा रिकामा डबा कडेवर अडकवून खाली लोंबकळत सोडा. डबा टाकीच्या तळाला टेकला पाहिजे. त्याच्या अंगाला खिळ्याने भरपूर भोकं पाडा. हा डबा म्हणजे दिव्यातली वात. त्यात भरलेलं ओलं मिश्रण (ते कशाचं, ते पुढे सांगतो) पाणी वर ओढतं. म्हणून डब्यात मिश्रण दाबून भरा, सैल राहिलं तर पाणी वर चढत नाही. तळाला बाकी ठिकाणी बारीक भोकं हवीत, मुळांना हवा मिळते. पाणी भरायला एक इंची पाईप कडेने खालपर्यंत उभा करा. त्याचं खालचं टोक तिरकं कापा, नाहीतर ते तळाला चिकटून बसतं.

बाहेरच्या बादलीला, आतल्या तळाच्या बोटभर खाली, एक भोक पाडायला विसरू नका. जास्तीचं पाणी तिथून जातं. मी पहिल्या बादलीला ते पाडलंच नव्हतं. श्रावणातल्या दोन दिवसांच्या झडीत वांग्याची मुळं कुजली, आणि मी मात्र पानं पिवळी पडली म्हणून खत घालत बसलो! पाईपच्या तोंडाला आणि या भोकाला जाळी बांधा, नाहीतर टाकीत डासांची पैदास होईल.

माळव्याची काळी माती यात घालू नका, शेतात ती कितीही सोन्यासारखी असली तरी. बादलीत ती चिकट गोळा होते, मुळं गुदमरतात. वाळली की भेगा पडतात. मिश्रण असं करा: दोन भाग भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग गांडूळखत किंवा चाळलेलं कंपोस्ट, वर मूठभर निंबोळी पेंड. कंपोस्ट घरीच करा. पालापाचोळा, शेण आणि मातीचे थर देऊन खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच बसवली आणि जगभर गेली. आणि आपण मात्र खताची पिशवी विकत आणतो.

रोप लावल्यावर पहिलं पाणी वरून, चांगलं निथळेपर्यंत द्या. त्यानंतर फक्त पाईपमधून. बोअरचं जड पाणी असेल तर वर पांढरा थर जमतो. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून तो धुवून काढा. ओल सतत सारखी राहिली की टोमॅटोचं खालचं टोक काळं पडण्याचा त्रासही कमी होतो.

आता तुमचे आठ दिवस. दिवाळीत रोप लहान असतं, दिवसाला अर्धा लिटर पितं, म्हणजे चार लिटर जेमतेम पुरेल. पण मे महिन्यात, गच्ची चाळिशी ओलांडून तापलेली असताना, फळाला आलेला टोमॅटो दिवसाला दीड-दोन लिटर सहज पितो. तेव्हा ही बादली दोन दिवसांची, म्हणजे नळाच्या एक दिवसाआडच्या खेपेला पुरेशी. उन्हाळ्यात गावी जायचं तर वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा.

कोथिंबीर, मेथीला एवढा खटाटोप नको. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली मधून कापा, झाकणाला भोक पाडून जुन्या सिंथेटिक टीशर्टची पट्टी ओवा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा. सुती चिंधी महिना-दोन महिन्यांत कुजते. मिरचीला मात्र बादलीच हवी, तीही आधी एकच करून पाहा.