पाण्याचा ताण आणि मटकीतलं पोषण: लेकीने यात करिअर करावं का?

प्रश्न : आम्ही मोहोळ तालुक्यातले. मुलगी बारावी सायन्सला आहे. यंदा विहिरीचं पाणी दिलेली मटकी टपोरी झाली, कोरडवाहू बारीक राहिली आणि शिजवली तर निम्मी गणंग. तेव्हापासून तिचं एकच, पाण्याच्या ताणाने दाण्यातलं पोषण बदलतं का? 'नीट' नको, हेच शिकायचं म्हणते. यात पुढे काही आहे का? - एक पालक

नमस्कार. लेकीला हा प्रश्न घरच्या रानात पडला याचं मला फार कौतुक वाटलं. प्रश्न पोकळ नाही. दाणा भरताना पाणी तुटलं की पिठूळ भाग कमी भरतो. त्यामुळे राजमा-घेवड्यावरच्या प्रयोगांत प्रथिनांची टक्केवारी पुष्कळदा वाढलेली दिसते, पण उताराच घटल्याने एकरी प्रथिनं कमीच मिळतात. लोहाचं निराळं. कोरड्या मातीतून ते मुळांपर्यंत नीट पोचत नाही, आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत पाणी जास्त झालं तरी पिकावर केवडा पडतो, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी पडतात. शिवाय दाण्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. वाण कोणता, ताण फुलोऱ्यात बसला की शेंगा भरताना, यावरही उत्तर फिरतं. म्हणजे तिला करायला काम भरपूर आहे.

वाट अशी: एमएचटी-सीईटी, मग बी.एस्सी. कृषी, चार वर्षं. आपल्याला राहुरीचं विद्यापीठ जवळचं. खरी निवड एम.एस्सी.ला येते. तिथे वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घ्यावं, माझा कौल दुसऱ्याला, कारण दाण्यात काय आहे ते मोजायची विद्या तिथे मिळते. शेतापेक्षा प्रयोगशाळाच आवडत असेल तर अन्नतंत्रज्ञान बघा.

संशोधकाच्या जागा थोड्या असतात आणि पीएच.डी. लागते, तेव्हा नऊ-दहा वर्षांची तयारी ठेवा. मध्येच नोकरी लागली तर बियाणे कंपन्या आणि अन्न तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. 'नीट'साठी मात्र तिच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दोन्ही मटक्या वेगळ्या डब्यांत ठेवा. तिला शंभर-शंभर दाणे तोलू द्या, रात्रभर भिजवून किती फुगले ते मोजू द्या. ती वही घेऊन सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात तिला एकदा न्या. सीईटीचा अर्ज तेवढा मुदतीत भरा.